एक बेल, दोन बेल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

हे फोनवरच सांगणार होते. पण फोन आईकडे असला की बाबा मागून बोलतात, बाबांकडे असला की आई. शिवाय चोरीची कबुली लेखी दिलेली बरी.

बाबा, तुमचं एक वाक्य मी चोरलंय. आमच्या मालिकेतले अण्णा आता बायको बोलायला लागली की हात वर करून हवेतली दोरी ओढतात आणि म्हणतात, "एक बेल!" म्हणजे थांब. एसटीत जन्मभर कंडक्टरकी केलेल्या माणसाशिवाय हे दुसऱ्या कुणाला सुचणार नाही, हे अख्खं चिपळूण ओळखेल. शेजारच्या काकू विचारायच्या आत तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहितेय.

आता बचाव ऐका. ही चोरी करणारी मी पहिली नाही. अमेरिकेत नॉर्मन लिअर म्हणून विनोदी मालिकांचा लेखक आणि निर्माता होऊन गेला. जन्म १९२२चा, २०२३च्या डिसेंबरात गेला, १०१ वर्षांचा होऊन. तो नऊ वर्षांचा असताना खोटे रोखे विकल्याबद्दल त्याच्या वडिलांना तुरुंगवास झाला. आईने घरातलं सामान विकायला काढलं. त्यात वडिलांची लाल चामड्याची खुर्चीही गेली. त्या खुर्चीत बसून ते रेडिओवर काय लावायचं ते ठरवायचे. सामान जात असताना कुणीतरी त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं, आता घरातला कर्ता पुरुष तू. नऊ वर्षांचा! माणसं किती हास्यास्पद असतात ते मला तेव्हा कळलं, असं तो म्हातारपणीही सांगायचा.

हे वडील बायकोला "जीनेट, गप्प बस" म्हणून दरडावायचे. मुलाला म्हणायचे, तुझ्याइतका आळशी गोरा पोरगा मी पाहिला नाही. मुलगा म्हणाला, मला आळशी म्हणण्यासाठी तुम्ही काळ्यांच्या अख्ख्या वंशाला नावं ठेवताय. त्यावर वडील म्हणे, "छे छे, तसं नाही. आणि तू मूर्खही आहेस."

पुढे लिअरने हे सगळं उचललं आणि आर्ची बंकर या माणसात घातलं. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला कामगार, तोंडाळ, काळ्या लोकांपासून ज्यूंपर्यंत सगळ्यांवर राग, आणि बायकोला सदा "स्टायफल!", म्हणजे तोंड मिट. आराखडा एका ब्रिटिश मालिकेचा होता, पण आतला माणूस घरचा. 'ऑल इन द फॅमिली' हे तिचं नाव. आर्चीची खुर्चीसुद्धा वडिलांच्या त्या खुर्चीवरूनच आली. आता ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

बाबा, दर दिवाळीला तुम्ही विचारता, "हे लिहिण्याचं किती दिवस चालणार?" तर याचंही ऐका. महायुद्धात बॉम्बफेकी विमानांतून ५२ मोहिमा करून आलेला हा माणूस लॉस एंजेलिसमध्ये दारोदार फिरून लहान मुलांचे फोटो काढून देण्याची ऑर्डर घ्यायचा. सोबत बहिणीचा नवरा (चुलत की मावस, ते सोडा), एड सिमन्स. दोघं संध्याकाळी मिळून विनोद लिहायचे. मालिका सुचल्यावरही एका वाहिनीने १९६८ आणि १९६९ साली दोनदा पायलट, म्हणजे नमुन्याचा भाग, करून घेतला आणि दोन्ही वेळा नको म्हटलं. शेवटी १२ जानेवारी १९७१ला ती सीबीएस या दुसऱ्या वाहिनीवर लागली. तक्रारींचे फोन घ्यायला म्हणून वाहिनीने जादा माणसं बसवली होती. फोन फारसे आलेच नाहीत. पुढे सलग पाच वर्षं ती मालिका पहिल्या नंबरवर होती.

मला मात्र त्याची एक गोष्ट फार लागते. पहिल्याच भागातली एक ओळ काढा, असं वाहिनीने सांगितलं. तो म्हणाला, ओळ काढली तर मी उद्यापासून येणार नाही. ओळ राहिली. आणि मी? परवा रात्री साडेअकराला चॅनेलवरून फोन आला की अण्णांच्या तोंडचा 'गाढव' जरा जड वाटतोय. मी म्हटलं, "हो सर, 'वेडा' करते." एपिसोडची बँक, म्हणजे तयार भागांचा साठा, संपत आलेली असते तेव्हा तत्त्व परवडत नाही.

आई, हे तुला आवडेल. १९८४ साली अमेरिकेच्या टेलिव्हिजन अकादमीने मानाची यादी सुरू केली. पहिल्या सात जणांत लिअर. त्याने हुरळून आईला फोन केला. ती म्हणाली, त्यांना तसंच करायचं असेल तर मी कोण बोलणारी? मला पहिलं नॉमिनेशन मिळालं तेव्हा तू विचारलं होतंस, "जेवण देतात का तिथे?"

आता खरं कारण. 'एक बेल'ला आमच्या रायटर्स रूममध्ये हशा पिकला. सगळे म्हणाले, आता बायकोचं उत्तर लिही. आणि तिथे मी अडकले ती अडकलेच. एडिथला, म्हणजे आर्चीच्या बायकोला, लिअरची मंडळी नेहमी उत्तर द्यायची. ती भोळेपणाने असं काही बोलायची की आर्चीचंच तोंड उघडं राहायचं. मला आईचं उत्तर माहीतच नाही. मी कधी ऐकलेलं नाही.

आठवतं का आई, मी सातवीत असताना बालवाडीवर शिकवायला ये म्हणून तुला निरोप आला होता. रात्री जेवताना तू म्हणालीस, "मला वाटतं की..." आणि बाबांनी दोरी ओढली. दादा हसला, मी तर ठसका लागेपर्यंत हसले. तूही हसलीस आणि वाढायला उठलीस. तो विषय पुन्हा निघाला नाही. बाबा, मी तुम्हाला बोल लावत नाहीये. सगळ्यात मोठ्याने मीच हसले होते.

सेटवर आता एक आरामखुर्ची आहे. आपली २०२१च्या पुरात गेली, म्हणून आर्टवाल्यांना मी तोंडीच वर्णन करून सांगितलं. कापडाचे हिरवे-पांढरे पट्टे, डाव्या हातावर चहाच्या कपाचे गोल डाग. जवळजवळ तशीच जमलीय. अण्णा तीतच बसतात. समोर अण्णांची बायको वाटी घेऊन उभी असते आणि तिच्यापुढचं पान कोरं.

आई, तुला काय वाटत होतं ते मला सांग. कितीही लांबलं तरी चालेल, मी कापणार नाही. सीन बुधवारी द्यायचाय, मंगळवारी रात्री फोन करते.

आणि बाबा, ती बोलत असेल तेव्हा तुम्हाला एक बेल.

तुमची,
बेबी