पाणंदी बुजू देऊ नका

गेल्या रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही चौदा जण वाईहून मेणवलीमार्गे धोमला पायी निघालो. भर मे महिन्यात कुठे चाललात, असे घरच्यांनी विचारले होते. पण नांगरून उन्हात तापत ठेवलेली रानं, बांधावरच्या जांभळांचा सडा, कृष्णाकाठची सकाळची झुळूक हे सारे याच दिवसांत अनुभवायला मिळते! मेणवलीच्या घाटावर वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा पाहिली. एका वस्तीवर आजींनी न विचारता माठातले पाणी दिले, वर कैरीची फोड हातावर ठेवली.

खंत एकच. वाटेतली एक पाणंद, म्हणजे शेतांमधून जाणारी गाडीवाट, मध्येच नाहीशी झाली होती. दोन्ही बाजूंचे बांध कोरत आणलेले, पुढे तारेचे कुंपण. आम्ही वळसा घातला. ऊस भरलेल्या गाडीने काय करायचे? जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ नुसार तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतात, पण त्यासाठी शेतकऱ्याला अर्ज करून हेलपाटे मारावे लागतात. त्यापेक्षा गावनकाशावरचे गाडीमार्ग आणि पायवाटा महसूल खात्याने शिवारफेरी काढून स्वतः तपासाव्यात व पेरणीआधी तिथे हद्दीचे दगड रोवावेत.

– एक पायी भटकणारा वाचक, पुणे