बिनदाराचं घर

मुलुंड, २२ जून

प्रिय बाळ्या,

फोन उचलला नाही म्हणून रागावू नकोस. आग कशी लागली हे दहा जणांना सांगून तोंड दुखलं. एसीच्या वायरिंगमधून लागली, बेडरूम गेली, माणसं सुखरूप. बस्स. मला तुला त्यानंतरची रात्र सांगायचीय.

आम्ही दोघं कामावर, आई खाली बागेत. शेजारच्या काकूंनी १०१ फिरवला, बंब आला, जवानांना दार फोडावंच लागलं. संध्याकाळी पंचनामा झाला, बघे पांगले आणि माझ्या लक्षात आलं, घराला आता दारच नाही. आत गोदरेजचं कपाट, त्यात बायकोचे दागिने, घराचा करारनामा. जिन्यावरून कुणीही यावं, डोकावून जावं. एक जण तर मोबाइलवर शूटिंग करत थेट स्वयंपाकघरापर्यंत आला! दागिने आणि कागद काकूंकडे ठेवले, बायको आणि आई मेहुण्याकडे गेल्या आणि मी चौकटीत खुर्ची आडवी टाकून बसलो. लाइट नाही, खिडकीच्या काचा तडकून पडलेल्या आणि बाहेर पाऊस. जळक्या घरात पाऊस आला की काय वास सुटतो रे! अजून नाकातून जात नाही.

सकाळी सुतार आला. जाड प्लायवूड, कडी-कोयंडा, कुलूप. खिडक्यांना निळी ताडपत्री. काम तासाभराचं, पण त्यानंतर मी पहिल्यांदा पोटभर चहा प्यायलो.

दुसरा धडा वायरमनने दिला. मी मेन स्विचकडे हात नेला तसा ओरडलाच. वायरींवरचं प्लास्टिक वितळलेलं, पाइपात बंबाचं पाणी. सगळं तपासून होईपर्यंत मीटर बंदच ठेवला. स्लॅबचं प्लास्टर पडलं होतं, तर इंजिनिअरने हातोडीने ठोकत पोकळ आवाजाच्या जागी खडूने खुणा केल्या. काँक्रीटला गुलाबी छटा आली असेल तर ते तीनशे अंशांच्या वर तापलंय असं समजतात म्हणे. आपल्या घराच्या छताकडे असं टक लावून कधी पाहिलं नव्हतं.

माझी घाई मात्र नडली. काजळी ओल्या फडक्याने पुसायला गेलो, भिंतभर लेप झाला. ती आधी कोरडी झाडून काढायची असते. जळकी गादी भंगारवाल्याला देणार होतो, तर विमा कंपनीच्या सर्व्हेअरचा फोन आला, मी पाहिल्याशिवाय काही हलवू नका. वर म्हणाला, दार-खिडक्या लगेच बंद केल्यात ते बरं केलंत. घर उघडं टाकून पावसाने आणखी नुकसान झालं असतं, तर त्यावर वाद निघाला असता. प्लायवूडचं बिलसुद्धा फायलीत लावून घेतलं.

आईचं दुःख वेगळंच. लोणच्याची बरणी धड होती, पण धुराने भरलेल्या घरातलं अन्न नको म्हणून टाकली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिने पिठाच्या डब्यामागे लपवलेल्या पाचशेच्या नोटाही करपल्या. त्या हाताळल्या की तुकडे पडतात, म्हणून कागदात अलगद ठेवल्यात. फोर्टला रिझर्व्ह बँकेत न्यायच्या आहेत. किती मिळतील ते नोटेचा किती भाग शाबूत आहे त्यावर.

आमच्या साखरपुड्याचा अल्बम गेला. तुझ्याकडे त्यातले काही फोटो असतील, ते घेऊन ये. नवं दार बसलंय, बेल अजून नाही. जोरात ठोक.

तुझाच,
अण्या