वसईच्या ट्यूनरकाकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही भाचीच्या पियानोच्या कार्यक्रमाला थांबला नाहीत. साडेचारला हत्यारांची पेटी आवरलीत, अर्धा कप चहा घेतलात आणि परतीच्या गाडीचं कारण सांगून निघालात. म्हणून पुढे काय झालं ते कळवतोय. आणि चारचौघांत कळवतोय, कारण पत्रिकेवर भाचीचं नाव होतं, माझं होतं, हॉल देणाऱ्यांचंही होतं; तुमचं नव्हतं. चूक माझीच, मजकूर मी दिला होता.

सगळा घोळ त्या बैलगाडीचा. मुसोर्गस्की या रशियन संगीतकाराने १८७४ मध्ये ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’ या रचनेत ती पियानोवर हाकली, ती हार्टमन या दिवंगत मित्राच्या चित्रावरून. ज्या चित्रांवर त्याने सूर बांधले त्यांतली बरीच आज सापडत नाहीत. गाडीचंही नाही. संगीत तेवढं उरलं. मग सुरांवरून चित्रं परत काढायची, हा माझा उद्योग. त्याच रचनेतल्या कीव्हच्या दरवाजाचं मूळ चित्र शिल्लक आहे, तिथे माझा ब्रश बिचकला. गाडीला मात्र मोकळं रान होतं.

आधी मी ती लांब, पार क्षितिजाशी काढली होती. भाचीने झापलं. ‘मामा, ती दुरून येत नाही, पहिल्याच ठोक्याला अंगावर येते!’ हळू आवाजात सुरुवात ही त्याचा संगीतकार मित्र रिम्स्की-कोर्साकोव्हने १८८६ च्या छापील आवृत्तीत केलेली दुरुस्ती. मुसोर्गस्कीच्या हस्तलिखितात ती जोरातच आहे. खरडून पुन्हा काढली. नुसती चाकं आणि चिखल.

आणि या गाडीचं सगळं ओझं डाव्या हाताच्या ज्या खालच्या पट्ट्यांवर, नेमका तिथेच हॉलमधला तो जुना उभा पियानो खडखडत होता. तुमच्याआधी ज्यांना विचारलं ते म्हणाले, हॉलचे पियानो असेच असतात, चालवून घ्या.

तुम्ही आल्याआल्या पंखे बंद करायला लावलेत. जुलैतली दुपार, खिडक्याही लावलेल्या. ‘पावसानं लाकूड फुगलंय, मधले सूर वर चढलेत,’ एवढंच बोललात. मग एकेका सुराच्या तीन तारांपैकी दोन फेल्टने दाबायच्या, तिसरी लावायची, आणि बाकीच्या दोघी तिला मिळवताना सुरांतल्या फरकाने आवाजात उठणारी ती लाट विरेपर्यंत कान देऊन थांबायचं. दोनशेवर तारा! मी मध्येच शहाणपणा केला, गंधार चढा वाटतो, तंबोऱ्यात असा ऐकू येत नाही म्हणून. चावी न सोडता तुम्ही म्हणालात, ‘इथे सगळेच थोडे थोडे खोटे ठेवायचे. मग कुठल्याही स्वरात बसता येतं.’

खडखडाट तारांचा नव्हताच. खालची फळी काढून, टॉर्च दातांत धरून तुम्ही हात घातलात तो थेट खांद्यापर्यंत, आणि बाहेर काढलंत आठ आण्याचं नाणं. ते माझ्या तळहातावर ठेवताना गाडीचं चित्र पाहिलंत आणि विचारलंत, ‘बैल कुठायत?’

मला उत्तर सुचलं नाही.

संध्याकाळी भाचीने गाडी सुरू केली तेव्हा मी चित्राकडे बघितलंच नाही, पियानोच्या खालच्या फळीकडे बघत होतो. एकही खडखड नाही. सूर जड, ओले, लोखंडी धाव चिखलात रुतल्यासारखे. लोकांच्या माना मात्र चित्राकडे वळल्या होत्या. शेवटी गाडी लांब जात जात विरली. कार्यक्रमानंतर एक आजोबा चित्रापाशी बराच वेळ उभे राहिले आणि बायकोला म्हणाले, ‘बैल दमलेत गं.’

काका, बैल तुम्ही जुंपलेत.

तुमचा लाल फेल्टचा लांब तुकडा पियानोवरच राहिलाय. माझ्याकडे जपून ठेवलाय. भाची त्याला हात लावू देत नाही. पुढच्या खेपेला आलात की न्या, आणि त्या दिवशी परतीची गाडी रात्रीची काढा.

तुमचा,
चाकं आणि चिखलवाला