लेकीला काय सांगू, असे तू विचारलेस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तुझी लेक स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन ग्रहांच्या पृष्ठभागावर संशोधन करू म्हणते, आणि ‘तू सारा जन्म त्यातच घातलास, तेव्हा खरे काय ते लिही’ अशी तुझी आज्ञा आहे. उत्तर जरा लांबेल, कारण आपण नक्की कोणते काम करतो हे उमगायलाच माझी पहिली काही वर्षे गेली.

तिसऱ्या वर्षाला आपल्याला खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात नेले होते, ते तुला आठवत असेल. 1916 साली सुरू झालेल्या त्या संस्थेत नद्यांच्या आणि बंदरांच्या प्रतिकृती बांधून त्यांत पाणी सोडतात. तुम्ही सगळे डबे उघडायला धावलात आणि मी एका प्रतिकृतीच्या काठावर बसून तळाची वाळू पाहत राहिलो. पाणी वाढवले तरी बराच वेळ काही घडत नाही; मग एखादा कण दचकल्यासारखा उठतो, आणि पाहता पाहता सगळा तळ चालू लागतो. तो कण जागचा केव्हा उठतो, एवढ्या एकाच प्रश्नावर मी आजवर पगार घेत आलो आहे.

या प्रश्नाचा पाया अल्बर्ट शील्ड्स याने 1936 साली बर्लिनमध्ये लिहिलेल्या प्रबंधात घातला. प्रवाह कणाला किती ओढतो आणि कणाचे पाण्यातले वजन त्याला किती धरून ठेवते, यांचे गुणोत्तर त्याने मांडले. त्याचा आलेख आपणही परीक्षेत काढला होता. पुढे अमेरिकेत गेल्यावर मात्र त्याला या विषयात काम मिळाले नाही आणि पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या यंत्रांत त्याची हयात गेली. लेकीला ही गोष्ट सर्वांत आधी सांग.

याच गणितात गुरुत्वाकर्षण आणि हवेची घनता बदलली की आपण दुसऱ्या ग्रहावर पोहोचतो. मंगळावर वस्तूचे वजन आपल्या तीन-अष्टमांश भरते खरे, पण तिथल्या हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी असल्यामुळे पहिला कण उचलायला फार जोराचा वारा लागतो, आणि तसा वारा तिथे क्वचितच सुटतो. म्हणून तिथल्या वाळूच्या टेकड्या जवळजवळ थिजलेल्या असाव्यात असे पुष्कळांना वाटे. पण 2012 मध्ये निली पटेरा या भागाच्या, कक्षेतून घेतलेल्या छायाचित्रांची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा तिथल्या टेकड्या सबंधच्या सबंध सरकताना आढळल्या, आणि वाहणाऱ्या वाळूचे प्रमाण अंटार्क्टिकातील व्हिक्टोरिया खोऱ्यातल्या टेकड्यांच्या तोडीचे निघाले. याचा एक उलगडा असा की, एकदा उठलेला कण तिथे उंच आणि लांब उडी घेतो, वाटेत वेग कमावतो आणि पडताना इतरांना उडवतो. त्यामुळे सुरू झालेली हालचाल बऱ्याच मंद वाऱ्यातही टिकते. वाळू उचलणारा वारा वेगळा आणि तिला चालती ठेवणारा वेगळा, हे रॅल्फ बॅग्नॉल्ड या इंग्रज लष्करी अभियंत्याने 1930 च्या दशकातच मोजले होते. पृथ्वीवर दुसरा पहिल्याच्या सुमारे 80 टक्के लागतो, तर मंगळावर, एका गणितानुसार, जेमतेम दहावा हिस्सा पुरतो. मग पहिला कण कोण उचलतो, यावर वाद चालू आहे. मी स्वतः वाऱ्याच्या क्षणिक झोतांच्या पक्षाचा आहे, आणि आमच्या बैठकांत त्यावरून आवाज चढतात.

आता माझी एक फजिती. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी विंड टनेलमध्ये, म्हणजे कृत्रिम वारा सोडायच्या बोगद्यात, साध्या हवेच्या दाबाखाली मी चार महिने नोंदी घेत होतो, आणि वाळू ठरल्यापेक्षा जोराच्या वाऱ्यालाच हलत होती. मी कणांवरच्या विद्युतभाराचा एक सिद्धान्त रचून सर्वांपुढे मांडलाही. तेव्हा प्रयोगशाळेतल्या वयस्क तंत्रज्ञाने शांतपणे विचारले, ‘वाळू भट्टीत वाळवली होती ना?’ वाळवली नव्हती. हवेतला दमटपणा कणांना एकमेकांशी चिकटवतो, एवढे साधे कारण होते. चारही महिन्यांच्या नोंदी टाकून दिल्या.

ही गोष्ट लिहिण्याचे कारण आहे. क्युरिऑसिटी ही गाडी 2012 मध्ये मंगळावरच्या गेल विवरात उतरली आणि तिला गुळगुळीत गोट्यांचा खडक दिसला. त्या गोट्यांच्या आकारावरून तिथे कधीकाळी फार तर कमरेएवढे पाणी सेकंदाला 20 ते 75 सेंटिमीटर वेगाने वाहत असावे, असा हिशेब मांडता आला; तो मांडणाऱ्यांचा आधार पृथ्वीवरच्या नद्यांची मोजमापेच होती. तिथे जाऊन आपल्याला वाळू चिमटीत धरता येत नाही, म्हणून इथे ती हजारदा धरलेली असावी लागते. हल्लीची हुशार मुले थेट संगणकावरच्या प्रारूपांपासून सुरुवात करतात, हे मला पटत नाही. लेकीने आधी दोन वर्षे पाण्यात हात भिजवावेत.

बाकी पैशाचे म्हणशील, तर मी तीन देशांत तीन तात्पुरत्या नोकऱ्या केल्या आणि प्रत्येक वेळी घरच्यांची फरफट झाली. त्यावर अधिक लिहीत नाही. टायटन या शनीच्या चंद्रावर जाणारे ड्रॅगनफ्लाय यान 2028 मध्ये निघून 2034 मध्ये पोहोचावे, असे ठरले आहे. तिथली हवा आपल्या चौपट दाट आणि गुरुत्वाकर्षण सातवा हिस्सा, म्हणजे आमच्यासाठी मेजवानीच. तोवर तुझ्या लेकीची पीएच.डी. होऊन पहिली तात्पुरती नोकरी संपतही आलेली असेल.

डिसेंबरात मी पुण्यात आहे. परवानगी मिळाली तर तिला घेऊन आपण तिघे खडकवासल्याला जाऊ. डबा वहिनींच्या हातचा असू दे. या वेळी मी आधी जेवेन.

तुझा,
वाळूवाला मित्र