लग्नाआधी पार्लरला यायचं म्हणतेस ते

प्रिय सुमे,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला गो. भाचीच्या लग्नाला गोल्ड फेशियल, ब्लीच, फुल वॅक्स, सगळं माझ्याच पार्लरात करणार म्हणतेस. ये की, मालवणात तुला दुसरीकडे पाठवणार आहे का मी, पण तुझी ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट झालीय, तेव्हा यातलं निम्मं मी करणार नाही, आत्ताच सांगते, आल्यावर भांडू नकोस.

तुझी वहिनी म्हणाली ना, जीव वाचला ते बघ, तोंडाला काय करायचंय, तिचं अजिबात मनावर घेऊ नकोस. आरशात आपणच आपल्याला ओळखू येत नाही याचा त्रास तिला काय कळणार.

आता डाव्या हाताचं. त्या बाजूच्या काखेतल्या लिम्फच्या गाठी काढल्यात, त्यामुळे त्या हाताला वॅक्स नाही, दाबून मसाजही नाही. वॅक्सने बारीकशी जखम झाली नि इन्फेक्शन झालं तर हात सुजतो, लिम्फेडेमा म्हणतात तो, आणि एकदा सुरू झाला की पिच्छा सोडत नाही. लग्नात पूर्ण बाहीचा ब्लाऊज घाल, कोण बघतंय. रेडिएशन झालं त्या जागेला तर मी हातच लावणार नाही, तिथली कातडी वरून बरी दिसली तरी नाजूकच असते, तिथे ऊन पण लागू देऊ नकोस.

चेहऱ्यावरचे काळे डाग किमोचे आहेत, ते बहुतेक वेळा हळूहळू आपोआप फिके होतात, वेळ मात्र लागतो. म्हणून पील, लेझर, ब्लीच, जोरात स्क्रब काही नको, घरचं बेसन-हळद घासणंसुद्धा नको. आणि बाजारातली ती बिनलेबलची गोरं करणारी क्रीम कोणी दिली तर सरळ कचऱ्यात टाक, असल्या क्रीममध्ये पारा सापडलाय, त्याने किडनी खराब होऊ शकते, कधी स्टेरॉइडही असतं. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन घे, एसपीएफ ३० च्या वरचं, आणि बाहेर असशील तर दर दोन तासांनी परत लाव, आपल्याकडच्या घामात ते टिकतच नाही मुळी. ती हार्मोन कमी करणारी लेट्रोझोलची गोळी चालू आहे ना, त्यानेही स्किन सुकते, तेव्हा आंघोळ झाल्या झाल्या ओल्या अंगालाच बिनवासाचं मॉइश्चरायझर लाव.

मी काय करणार ते ऐक. साधं क्लीनअप, वाफ न देता, हलक्या हाताने. भुवया विरळ झाल्यात तिथे पेन्सिलने एकेक केस काढल्यासारख्या रेषा, मायक्रोब्लेडिंगचं, म्हणजे कातडीत बारीक चिरा देऊन रंग भरतात त्याचं, नाव काढू नकोस इतक्यात. डोळ्याखाली आधी ऑरेंज करेक्टर मग कन्सीलर, काळेपणा झाकतो. ब्रश, काजळ सगळं तुझंच नवीन, माझ्या डब्यातलं एकही नाही. नखं कापेन, क्युटिकल काढणार नाही. मेंदी पानांची, काळी कोनवाली नाही, तिच्यातल्या पीपीडी नावाच्या केमिकल रंगाने भल्याभल्यांचे हात भाजलेत.

पुढच्या चेकअपला तुझ्या डॉक्टरना हे सगळं वाचून दाखव, ब्लड रिपोर्ट ठीक आहे का तेही विचार, आणि ते नाही म्हणाले तर क्लीनअपपण कॅन्सल. मग कोकणकन्याने कुडाळला उतर, मी स्टेशनवर येते.

तुझी,
शुभा

ता.क. काकूंची तिरफळं संपलीत ना, त्यांना म्हणावं दुसरीकडे मागू नका, मी इथूनच देईन.