जनावरांचे शवविच्छेदन शिकवताना

संपादक महोदय,

खानापूर, चिकोडीकडे दगावलेल्या जनावराचे शवविच्छेदन बऱ्याचदा बांधावरच करावे लागते. पशुवैद्यक विद्यार्थ्यांना तिथलाच सराव द्यावा, ही कळकळीची विनंती. नाकातोंडातून न गोठणारे काळपट रक्त आले असेल तर शव मुळीच उघडू नये. कानाच्या शिरेतले रक्त काचपट्टीवर घेऊन आधी फाशी रोग (अँथ्रॅक्स) तपासावा. हवा लागली की त्याचे जंतू बीजाणू (टणक कवचाचे, टिकाऊ रूप) धरतात आणि ती माती वर्षानुवर्षे धोक्याची राहते.

एरवी आतड्याचा नमुना सर्वांत आधी घ्यावा, ते लवकर कुजते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे अवयवांचे तुकडे १ सेंटिमीटरहून जाड नकोत. ते कुजू न देणारे १० टक्के फॉर्मेलिनचे द्रावण तुकड्यांच्या दहापट हवे. जाड तुकडा बाहेरून टणक होतो, आत सडतो. जंतू वाढवून पाहायचा तुकडा मात्र फॉर्मेलिनशिवाय, बर्फावरच पाठवावा.

– एक पशुवैद्यक, खानापूर