ससा दुखणे लपवतो

सातारा,
१४ एप्रिल

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

मुलीच्या हट्टाखातर तू ससा आणलास, हे काल फोनवर ऐकून फार आनंद झाला. पण "परवा दिवसभर त्याने तोंडाला काही लावले नाही, मग आपोआप खायला लागला," हे तू ज्या सहजपणे सांगितलेस, त्याने माझी झोप उडाली. फोनवर सगळे नीट बोलता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कुत्रा एखादा दिवस उपाशी राहिला तर आपण मनावर घेत नाही. सशाचे तसे नाही. त्याचे आतडे अखंड चालू राहावे लागते आणि त्यासाठी पोटात सतत चोथा जावा लागतो. खाणे थांबले की आतड्याची हालचाल मंदावते, आत वायू धरतो, त्याने पोट दुखते आणि दुखते म्हणून तो आणखीच खात नाही. त्याला उलटीही करता येत नाही. म्हणून १० ते १२ तास त्याने काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर उद्या बघू असे म्हणू नकोस, लगेच डॉक्टर गाठ.

हे मी ठेच लागूनच शिकलो. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी आमच्या भुरी नावाच्या सशिणीपुढे कोथिंबिरीची काडी धरली, तर तिने नुसते नाक लावले आणि तोंड फिरवले. पाठ वाकवून, डोळे अर्धवट मिटून ती कोपऱ्यात बसून राहिली. उन्हाने मलूल झाली असेल, असे समजून आम्ही झोपलो. पहाटे तिच्या गालावर हात ठेवला, तेव्हा आतली कर्रकर्र बोटांना जाणवली. ती वेदनेने दात खात होती. रात्रभरात मोजून सात लेंड्या पडल्या होत्या, आणि एरवी हरभऱ्याएवढ्या असणाऱ्या त्या मिरीएवढ्या झाल्या होत्या. पहिल्या दवाखान्यात "आम्ही ससे बघत नाही" असे सांगितल्यामुळे आणखी दोन तास गेले. अखेर ज्यांनी तिला तपासले, त्या डॉक्टरांनी आधी एक्स-रे काढून आतड्यात काही अडकलेले नाही याची खात्री केली, मग कातडीखाली सलाइन आणि वेदनाशामक दिले. पुढचे तीन दिवस आम्ही सिरिंजने पातळ खाद्य भरवत होतो. मूळ कारण दाढेचे होते. सशाचे दात जन्मभर वाढतात आणि वाळलेले गवत चावूनच ते झिजतात. आम्ही तिला लाडाने पोळी आणि गाजर देत राहिलो, तिच्या दाढेला टोक आले आणि ते जिभेला टोचू लागले. ती वाचली, पण ती एक रात्र आम्ही वाया घालवली, याची बोच अजून जात नाही.

ससा हा शिकार होणारा प्राणी असल्यामुळे तो दुखणे शेवटपर्यंत लपवतो. तेव्हा बघायला आपणच शिकले पाहिजे. रोज सकाळी आधी लेंड्या बघ. हनुवटी लाळेने ओली असेल तर दाताचे दुखणे असू शकते. पुढच्या पायांच्या आतले केस चिकटून गुठळी झाली असेल तर तो गळणारे नाक पुसतो आहे, असे समज. तोंड उघडून श्वास घेत असेल तर क्षणही दवडू नकोस, कारण ससा एरवी नाकानेच श्वास घेतो. पावसाळ्यात शेपटीखाली रोज बघत जा. तिथे घाण राहिली की माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडतात. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन करून लिहून ठेव, कारण उतरलेले वजन केसांच्या आड दिसत नाही. लघवी लालसर दिसली तर लगेच घाबरू नकोस, पुष्कळदा तो नुसता रंग असतो. तरी डॉक्टरांना दाखव.

सांगलीच्या उन्हाची मला फार काळजी वाटते. पत्र्याखाली पिंजरा मुळीच ठेवू नकोस. तो धापा टाकू लागला तर साध्या पाण्याने कान ओले कर. बर्फाच्या पाण्यात बुडवू नकोस.

आणखी एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेव. मुलांसाठी आणलेले अमॉक्सिसिलिनचे औषध त्याला पाजायचे नाही. त्याने आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससा दगावतो. कुत्र्यांच्या गोचिडांसाठीचे फिप्रोनिलही त्याला विषारी आहे. उसाच्या बांधावरचे गवत आणणार असशील, तर तिथे तणनाशक मारलेले नाही ना, हे आधी विचारून घे.

सांगली-मिरजेत ससे कोण तपासते, याची चौकशी आजच कर. गरज पडेल तेव्हा शोधायला वेळ नसतो. आमच्या जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण तुला ते लांब पडेल.

येत्या रविवारी मी मिरजेला येणार आहे. येताना वाळलेल्या डोंगरी गवताच्या दोन पेंढ्या घेऊन येतो आणि त्याचे दातही बघतो. तोवर रोज सकाळी लेंड्या कशा आहेत, ते मला कळवत जा.

तुझा,
अनिल